कणकुंबीला जाताय? आधी जेवणाचा निरोप द्या

पावसात बेळगावहून चार दोस्त मिळून जांबोटी-कणकुंबीकडे निघायचं ठरलं, की सगळे गाडीचं बघतात, जेवणाचं कुणी बघत नाही. गावातल्या घरात उतरणार असाल तर आदल्या दिवशी फोन करून माणसं किती, मटण का शाकाहारी, एवढं नक्की सांगा. आम्ही एकदा सहा सांगून नऊजण गेलो. मावशी काही बोलल्या नाहीत, पण भाकरी थापता थापता बघितलं मात्र नीट!

पेट्रोल बेळगावातच भरा, सुटे पैसे जवळ ठेवा. पुढे रेंज जाते, म्हणजे फोनवरून पैसे पाठवायचीही पंचाईत. घरच्यांना परतायची वेळ आधीच सांगून ठेवा.

जळवांचं मात्र मनावर घ्या. कणकुंबीत मलप्रभा उगम पावते, पाऊस धो धो, त्यामुळे पायवाटेवर जळवा असणारच. लांब मोजे घाला, पँट मोज्यात खोचा. चिकटली तर ओढू नका; नखाने कडेने सरकवा, मग जखम साबणाने धुवा. रक्त थोडा वेळ वाहतं, कापड दाबून धरा, घाबरू नका.

भीमगड अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. धबधब्याच्या वाटेबद्दलही गावात विचारूनच पुढे जा. चोर्ला घाटात धुकं दाटलं तर वळणावर गाडी लावून फोटो नकोत. आणि जाताना मावशींसाठी बेळगावची मिठाई, कुंदा, न्यायला विसरू नका. आम्ही दुसऱ्या खेपेला नेला, तेव्हा कुठे त्या हसल्या.