मोहल्ला सुधरवायचा? आधी गडर लाइन बघा, मग भिंती रंगवा

नागपुरात महाल, इतवारी, पाचपावली असल्या जुन्या वस्त्यांत मोहल्ला सुधरवायचं निघालं की पोट्टे पहिले रंगाचे डबेच आणतात. भिंत दिसते झक्कास, पण खर्र्याच्या पिचकाऱ्या काही थांबत नाहीत आणि पावसात चेंबर उफाळलं की रंगाकडे बघतो कोण. माझं मत साधं आहे, जमिनीखालचं, म्हणजे गडर (सांडपाण्याची) लाइन आधी, वरचं नंतर.

रविवारी सकाळी सात-आठ जण मिळून गल्ली पायी फिरा. त्यात बाया पाहिजेत आणि भाडेकरूही, कारण नळ किती वाजता येतो, कोणतं चेंबर तुंबतं, कोणता लाइट बंद असतो हे त्यांनाच पाठ असतं, घरमालक बरेचदा राहतो दुसरीकडेच. कागदावर गल्ली काढून सगळं मांडा, फोटो घ्या.

मग मिटिंग. पानठेल्यावर ठेवली तर बाया येणार नाहीत, म्हणून समाजभवनात, जेवणं आटोपल्यावर. तीनच कामं निवडा, तीस मागण्यांचं निवेदन कोणी वाचत नाही भाऊ.

अर्ज मनपाच्या आपल्या झोन ऑफिसात, लेआउट नासुप्रकडे (नागपूर सुधार प्रन्यास) असेल तर तिकडे, हे आधीच विचारून घ्या नाहीतर दोन्हीकडे फिरवतात. शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही. ज्युनिअर इंजिनिअरला गल्लीतच बोलवा आणि चेंबरचं झाकण उघडून दाखवा.

सिमेंट रोड मंजूर झाला तर खरं लक्ष आता द्यायचं. जुन्या रोडवरच नवीन थर टाकला की रोड उंबरठ्याच्या वर जातो आणि पाणी सरळ घरात. म्हणून काम लागायच्या आधीच चार घरांच्या भिंतीवर उंबरठ्याच्या लेव्हलची पेंटनं खूण करा, फोटो काढा, आणि जुना रोड खोदूनच नवीन करा असं लेखी द्या. गडर आणि नळाची लाइन बदलायची असेल तर तीही तेव्हाच, नाहीतर नवाकोरा रोड परत फोडतील. काँक्रीट दोन आठवडे तरी पाणी मारून ओलं ठेवतात का बघा, ठेकेदार टाळत असेल तर लगेच झोनला फोटो पाठवा.

एस्टिमेट, वर्क ऑर्डर मिळत नसेल तर माहिती अधिकारात मागा, फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. त्याच कायद्यात चालू कामाची पाहणी करायचा आणि मालाचा प्रमाणित नमुना घ्यायचा हक्क पण आहे, हे बऱ्याच लोकांना माहीतच नसतं.

वर्गणी फक्त झाडं-कुंड्यांपुरती घ्या, मनपाच्या कामासाठी एक पैसा नाही, आणि बिलाचे फोटो त्याच दिवशी ग्रुपवर टाका.