थायरॉइडची गोळी सुरू करण्याआधी तपासणी नीट कशी करून घ्यावी

फुल बॉडी चेकअपमध्ये टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक) ६.२ येतो आणि दुसऱ्या दिवसापासून गोळी सुरू होते. ही घाई नको. बहुतेक लॅबची मर्यादा साधारण ०.४ ते ४.५ असते. त्याच्या थोडा वर गेलेला आकडा पुष्कळदा दोन-तीन महिन्यांत आपोआप उतरतो, विशेषतः मोठ्या आजारपणातून नुकतेच उठला असाल तर. तेवढ्या अंतराने पुन्हा तपासा. गरोदर असाल किंवा दिवस राहावेत म्हणून प्रयत्न चालू असतील, तर मात्र थांबू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.

दोन्ही वेळा रक्त सकाळी, साधारण एकाच वेळी द्या. टीएसएच रात्री-पहाटे चढतो, दुपारी उतरतो. सकाळी सातच्या आकड्याची दुपारी दोनच्या आकड्याशी तुलना करण्यात अर्थ नाही. उपाशीपोटीच हवं अशी सक्ती नाही. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती रक्त दिल्यावर घ्या. केसांसाठी गोळ्या खात असाल तर पाकिटाची मागची बाजू वाचा. त्यात बायोटिन असेल, तर किमान दोन दिवस आधी त्या बंद करा. काही यंत्रांवर बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी आणि फ्री टी४ (थायरॉइडमधून निघणाऱ्या टी४ संप्रेरकाचा रक्तातला मोकळा भाग) खोटा जास्त दिसतो, म्हणजे नसलेला हायपर (थायरॉइड जास्त चालणं) कागदावर उमटतो.

नुसतं ‘थायरॉइड प्रोफाइल’ सांगितलं की बऱ्याच लॅब टोटल टी३ आणि टोटल टी४ करतात. फ्री टी४ मुद्दाम मागा. गरोदरपणात किंवा इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी टोटल टी४ उगाच फुगतो. हायपोचा (थायरॉइड कमी चालण्याचा) संशय असेल तर टी३चे पैसे वाचवा.

टीएसएच जास्त, फ्री टी४ कमी: हायपो. टीएसएच ४.५ ते १०, फ्री टी४ नॉर्मल: सबक्लिनिकल, म्हणजे सौम्य हायपो. इथे अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडीची तपासणी) एकदाच करा. पॉझिटिव्ह आली तर पुढे हायपो होण्याची शक्यता जास्त. दरवर्षी ती पुन्हा करून हाती काही लागत नाही. टीएसएच खूप कमी आणि छातीत धडधड असेल, तर ग्रेव्हज (अँटीबॉडींमुळे थायरॉइड जास्त चालण्याचा आजार) की थायरॉइडची तात्पुरती सूज, हे टीआरएबी (त्या अँटीबॉडींची रक्ततपासणी) किंवा थायरॉइडच्या किरणोत्सारी स्कॅनवरून ठरतं. स्कॅनआधी गरोदरपण किंवा अंगावर पाजणं चालू असेल तर जरूर सांगा.

एकटा टीएसएच पाहिला तर नजरेतून निसटणारा प्रकार म्हणजे पिट्युटरीचा (टीएसएच बनवणाऱ्या, मेंदूखालच्या ग्रंथीचा) बिघाड. बाळंतपणात खूप रक्त गेलं, दूध आलं नाही, पाळी परतली नाही, थकवा हटत नाही, आणि टीएसएच मात्र नॉर्मल. अशा वेळी फ्री टी४ कमी निघाला, तर गोळीआधी कॉर्टिसॉल (अॅड्रीनल ग्रंथीचं संप्रेरक) तपासायलाच हवं.

सोनोग्राफी गाठ हाताला लागली तरच.