दातांचं किटण काढल्यावरचे पंधरा दिवस

अपॉइंटमेंट घ्या, पोटभर खाऊन जा, दात घासून जा. मधुमेह असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेलेले असतील तर आधीच सांगा. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

खुर्चीत बसलात की हिरड्या मोजून मागा. मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक बोथट सळई दात आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत अलगद घालून मोजतात. एक ते तीन आकडा चांगला. चार किंवा त्याहून जास्त आला तर कुठल्या दाताला, ते विचारा आणि लिहून घ्या. नुसतं ‘छान आहेत दात’ ऐकून घरी आलात, तर पुढच्या वेळी तुलना कशाशी करणार?

किटण काढायला अर्धा-पाऊण तास. यंत्र किर्रर्र करतं, पाणी उडतं. दुखलं तर हात वर करा.

खरी परीक्षा घरी आल्यावर असते आणि तिथे मी साफ नापास झालो होतो. पहिल्यांदा किटण काढलं त्या संध्याकाळी जीभ सारखी खालच्या पुढच्या दातांमागे जात होती. तिथे चक्क फटी! माठातलं पाणी प्यायलो तर कळ थेट कानशिलात. शेजारच्या काकू म्हणाल्या, “बघ, मशीन लावून दात सैल केले तुझे.” मला पटलं. त्यानंतर पाच वर्षं दवाखान्याची पायरी चढलो नाही. पुन्हा गेलो तेव्हा मागच्या एका दाढेपाशी आकडा आला सहा.

तेव्हा नीट ऐका. त्या फटी आधीपासूनच होत्या, किटणाने लिंपून टाकल्या होत्या. जिभेखालच्या लाळग्रंथी तिथेच उघडतात आणि लाळेतल्या कॅल्शियमने दातांवरचा चिकट थर दगडासारखा होतो, म्हणून किटण तिथे सर्वांत जास्त साठतं. सुजलेली हिरडी ओसरली की फट आणखी ठसठशीत दिसते. दात हलायला लागतो तो खालचं हाड झिजल्यामुळे, आणि ते झिजवणारं दुखणं त्या किटणाच्या आडोशानेच वाढत असतं. कळ साधारण आठ-पंधरा दिवसांत कमी होते. तोवर सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट वापरा आणि घासून झाल्यावर भसाभसा चुळा भरू नका, फेस नुसता थुंका.

दुसरी चूकही माझीच. रक्त येतं म्हणून तेवढी जागा सोडून घासायचो. उलटं करा. मऊ ब्रश हिरडीच्या कडेवर तिरका धरा आणि जागच्या जागी हलकेच हलवा. सुरुवातीला बेसिनमध्ये गुलाबी थुंकी दिसेल, दिसू दे. दातांमधल्या फटींसाठी वेगळा बारीक ब्रश मिळतो, तो रोज रात्री फटींमध्ये फिरवा. दोन आठवड्यांनंतरही रक्त येत असेल तर परत जाऊन दाखवा.

लिंबू, कोळसा, मीठ-सोडा यांनी दगड निघत नाही. मिश्री तर तंबाखूच. आणि तंबाखू ओढणाऱ्यांनी ‘मला कुठे रक्त येतं’ म्हणून निर्धास्त राहू नये, कारण धुराने हिरड्यांचं रक्त येणं दबतं, आतलं दुखणं चालूच राहतं.

दर सहा महिन्यांनी किटण काढायचं, हा हिशेब काही दगडावरची रेघ नाही. माझ्यासारख्याला तीन-चार महिन्यांनी जावं लागतं, हिरड्या धडधाकट असतील तर वर्षानेही चालतं. तुमचे आकडे पुढे ठेवून डॉक्टरांनाच विचारा. खर्च परवडत नसेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. रांगेत वेळ जातो, पैसे बरेच वाचतात.

त्याच काकूंना गेल्या दिवाळीआधी मीच घेऊन गेलो. फटी जाणवतील, कळ येईल, हे जातानाच तीनदा सांगून ठेवलं. परतताना रिक्षात त्यांची जीभ गालाआड फिरत होती, पण बोलल्या काही नाहीत. उतरताना फक्त विचारलं, “तो बारीक ब्रश कुठल्या दुकानात मिळतो रे?”