डायनिंग इंडस्ट्रियल करायच्या आधी

जेवणाची खोली इंडस्ट्रियल, म्हणजे जुन्या कारखान्यासारखी, लोखंड-विटा उघड्या ठेवून करायची असेल तर टेबल कुठे राहणार ते आधी ठरवा आणि फरशीवर खडूनं आखून घ्या. सहा जणांना पाच बाय तीन फूट तरी लागतं, खुर्च्यांमागून माणूस जायला आणखी तीन फूट. बजेट, रंग वगैरे तुम्हाला कळतंच.

त्याच आखणीत कूलरचा वारा कुठून येतो तेही दाखवा. हे लोक विसरतात. इंडस्ट्रियल लूकचे फोटो एसीच्या कोरड्या खोल्यांतले असतात. आपल्या नागपुरात मार्च-एप्रिलपासून कूलरची ओली हवा आणि त्याला लागूनच पावसाळा, म्हणजे उघड्या लोखंडाला अर्धं वर्ष दम नाही. म्हणून रेड ऑक्साइड, म्हणजे रंगाआधी मारायचा गंजरोधक लाल थर. फ्रेमला, शेल्फच्या ब्रॅकेटला आणि मुख्य म्हणजे टेबलाच्या पायांच्या तळाला. तळाला म्हणजे फरशीला टेकतो त्या भागाला. फॅब्रिकेशनवाला फ्रेम उभी करूनच रंग मारतो, खालून कोण बघतं? आमच्या मागच्या टेबलाला नेमकं हेच राहिलं. रोज पोछा होतो, पाणी पायाखाली शिरतं, पाइपचं तोंड उघडं असेल तर आतही चढतं. मग एक दिवस टेबल सरकवलं की पांढऱ्या टाइलवर चार तपकिरी चौकोन दिसतात, मधे कोरे, कडेला गंज. टाइलवरचं घासून थोडंफार जातं, सांध्यात उतरलेलं जात नाही.

तर इतवारीत लोखंड घ्यायला जाल तेव्हाच 40 बाय 40 मिलिमीटरचा चौकोनी पाइप आणि त्याचं तोंड बंद करायला त्याच मापाचे नायलॉनचे बूच एकदम घ्या. नंतर घेऊ म्हणाल तर राहतील. पाइप 16 गेजचा (गेज कमी तितका पत्रा जाड), 18 चा स्वस्त पडतो पण पाच फुटांच्या टेबलाला हलतो. वेल्डिंगचे थेंब ग्राइंड करून घ्या, नाहीतर गुडघे सोलतील. पावडर कोटिंग (रंगाची भुकटी भट्टीत भाजून बसवलेला थर) करणार असाल तर आधी सगळं वेल्डिंग उरका. कोटिंगनंतर एक टाका जरी मारला तरी तिथला थर जळतो. आणि तळ. रेड ऑक्साइड सुकलं, की फ्रेम उलटी करायला लावून स्वतः बघा.

विटांच्या भिंतीचा मोह सगळ्यांना असतो. प्लास्टर फोडण्याआधी दाराआड तळहाताएवढं फोडून पाहा. नव्या इमारतींत बहुतेक राखेच्या विटा नाहीतर हलके ब्लॉक निघतात, कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख जवळच आहे ना. लाल वीट समजून अख्खी भिंत फोडाल आणि आत राखाडी निघेल. मग विटेच्या पातळ टाइल्स लावा, एकाच भिंतीला, वरून सीलर मारून, नाहीतर भुकटी ताटात. कॉलम आणि बीमला मात्र छिन्नी लावायचीच नाही. आतल्या सळईवरचं काँक्रीट उडालं की सळई गंजते, आणि ती शोभेची गोष्ट नाही.

खोटे पाइपही नकोत. ही तऱ्हा न्यूयॉर्कच्या सोहो भागात कलाकार रिकाम्या कारखान्यांत राहायला लागले तेव्हाची, 1960-70 च्या दशकांतली. पाइप, बीम, विटा तिथं आधीपासून होत्या, त्या झाकल्या नाहीत एवढंच. आपली 1877 ची कापडगिरणी, एम्प्रेस मिल, उभी असती तर कुणी शिकवायची गरज पडली नसती. तेव्हा पाइप लावाल तर त्यातून वायर तरी जाऊ द्या. भिंतीवरून जीआय कंड्यूट, म्हणजे वायरसाठीची जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी नळी, नेलं की भिंत फोडायचा खर्चही वाचतो.

दिवा टेबलाच्या पृष्ठापासून 30 ते 36 इंच वर. वायरनं लटकवू नका, पंखा आणि कूलरच्या वाऱ्यात रात्रभर झुलतो; रॉडचा घ्या. छताचा दिवा पंख्याच्या पात्यांच्या वर येऊ देऊ नका, ताटात सावल्या नाचतात. बल्ब पिवळसर, 2700 केल्विन.

लाकडासाठी लकडगंज. नवा सागवान परवडत नसेल तर पाडलेल्या वाड्यांची दारं-तुळया बघा, फक्त खिळे आणि वाळवी तपासून. पृष्ठ फ्रेमला घट्ट आवळून टाकू नका. मे महिन्यात लाकूड आकसतं, जुलैत फुगतं; स्क्रूची भोकं रुंदीच्या दिशेनं लांबट पाडायला सांगा, नाहीतर मधोमध चीर. पॉलिश पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं. पास झालं का ते एका तुकड्यावर सावजी रस्स्याची तर्री रात्रभर ठेवून बघा. हळद आणि तेल दोन्ही एकाच वेळी कळतात.

खुर्च्या लोखंडी घेतल्या तर गादी हवीच. पश्चिमेच्या खिडकीजवळ मे महिन्यात नुसत्या पत्र्यावर बसून दाखवा. त्यांच्याही पायांना बूच, हो, तेच. पडदा जाड. घड्याळ, कुंडी, एखादी फ्रेम, पुरे.

काम दिवाळीच्या तोंडावर काढू नका, पॉलिशवाला फोन उचलत नाही. शेवटचा हप्ता टेबल उलटं करून तळ बघितल्यावरच द्या.