गाठ काढायची की स्तन: तारीख घेण्याआधीची तयारी

वणीच्या ताईला स्तनाचा कॅन्सर निघाला, तेव्हा द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली होती. रोज नाशिकला शेक (रेडिएशन) घ्यायला तिला कोण आणणार, म्हणून दाजींनी आणि मीही तिला गळ घातली, पूर्ण स्तनच काढून टाक, मग शेक लागणार नाही. काखेतल्या चार गाठींमध्ये कॅन्सर निघाला आणि शेक लागलाच. ज्या कारणासाठी तिने स्तन गमावला, ते कारणच खोटं निघालं. आता मामींनाही तोच आजार निघालाय, म्हणून हे लिहून ठेवतेय.

आधार, रेशनकार्ड, जुनी फाइल घ्यालच. बायोप्सीच्या रिपोर्टबरोबर लॅबकडून स्लाइड आणि मेणाचे ब्लॉकही (ज्यात बायोप्सीचा तुकडा जपलेला असतो) मागा. दुसरं मत घ्यायला मुंबईला टाटात गेलात तर तेच लागतात. रिपोर्टात ईआर, पीआर, हर-टू (कोणतं औषध लागू पडेल ते सांगणाऱ्या चाचण्या) आहे ना बघा. मॅमोग्राफी दोन्ही बाजूंची हवी.

आणि ऑपरेशनची तारीख घेण्याआधी शेकाच्या डॉक्टरांना भेटा. सर्जनना भेटलात म्हणजे हे झालं असं समजू नका. विचारा: गाठ तेवढी काढली तर किती दिवस शेक? पूर्ण स्तन काढला तरी लागू शकतो का? गाठ पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी असली किंवा काखेतल्या चार-पाच गाठींत आजार असला तर बहुधा लागतोच. पक्कं उत्तर ऑपरेशननंतरच्या रिपोर्टवर ठरतं, पण अंदाज आधी मिळतो. आम्ही तोही घेतला नाही. दिवस आता बऱ्याचदा १५-१६ असतात, शनिवार-रविवार सोडून तीन आठवडे. तेवढ्यासाठी पंचवटीत एखाद्या नातेवाइकाकडे राहता आलं असतं.

घरात कुणीतरी म्हणेलच, सगळं काढलं म्हणजे मुळासकट जातं. अमेरिकेत आणि मिलानमध्ये बायकांना २० वर्षं तपासत राहिले, निकाल २००२ साली आले. गाठ काढून शेक घेतलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या बायका सारख्याच जगल्या. मात्र गाठ काढल्यावर कडेला आजार उरला तर पुन्हा ऑपरेशन होऊ शकतं, आणि त्याच स्तनात तो परत येण्याची शक्यता थोडी जास्त राहते. हे मामींना आधीच सांगा. गाठी स्तनात दूरदूर पसरल्या असतील, छातीला पूर्वी शेक दिलेला असेल, तर गाठच काढण्याचा पर्याय बहुतेक मिळत नाही.

आधी केमो देऊन गाठ लहान करायची ठरली तर पहिल्या सलाइनआधी गाठीत क्लिप (खुणेचा बारीक धातूचा तुकडा) बसवायला सांगा. गाठ विरघळून गेली तर कुठे कापायचं, ते क्लिपवरून कळतं.

महात्मा फुले योजनेत ऑपरेशन आणि शेक दोन्ही त्याच दवाखान्यात बसतात का, तेही आधी विचारा.

निर्णयाच्या दिवशी मामींना एकटीला डॉक्टरांशी बोलू द्या. ताईला कुणी विचारलंच नाही, आम्हीच बोलत राहिलो.

पुढचं थोडक्यात. समोरून बटणांचे सैल ब्लाऊज, ड्रेनमध्ये (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी) रोज किती आलं त्याची नोंद, हाताचे व्यायाम सांगितल्या दिवसापासून. रिपोर्ट आला की तो घेऊन पुन्हा शेकाच्या डॉक्टरांकडे, त्याच आठवड्यात.