गावातून व्हीएफएक्समध्ये जाताय? या चुका टाळा

यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीकडच्या पोरांना व्हीएफएक्ससाठी (सिनेमातले संगणकी दृश्य-परिणाम) ब्लेंडर हे थ्रीडीचं फुकट सॉफ्टवेअर शिकवायला कोणी लागत नाही. मोबाईलवर व्हिडिओ बघत, पायथनच्या ओळी लिहून पाहत ती बरीच पुढे जातात. अडतात ती घरचं काम दुसऱ्याच्या मशीनवर पाठवताना. स्टुडिओत तर रोजचं कामच ते असतं.

रेंडर थेट एमपी४ मध्ये काढणं

सगळ्यात महागडी चूक ही. रेंडर म्हणजे थ्रीडी सीनमधून तयार चित्रं काढणं. सेकंदाला २४ फ्रेम (सुटी चित्रं) धरल्या तर १० सेकंदांच्या शॉटच्या २४० फ्रेम होतात. एकीला ६ मिनिटं लागली तर पूर्ण २४ तास. वीज आपल्याच कोराडी-चंद्रपूरला तयार होते, तरी गावात २४ तास लाईन टिकेल असं कोणी छातीठोक सांगत नाही. एमपी४ उघडायला लागणारी माहिती सहसा सगळ्यात शेवटी लिहिली जाते. म्हणून २३०व्या फ्रेमला लाईन गेली की हातात न उघडणारी फाइल उरते.

फ्रेम सुट्या काढा, पीएनजी किंवा ईएक्सआर या चित्रांच्या फाइलींमध्ये, आणि व्हिडिओ नंतर जोडा. ब्लेंडरच्या आउटपुट सेटिंगमध्ये ‘ओव्हरराइट’ (जुन्या फाइलीवर पुन्हा लिहिणं) बंद ठेवलं की लाईन आल्यावर झालेल्या फ्रेम सोडून पुढचं काम सुरू होतं. ‘प्लेसहोल्डर्स’ हा पर्याय मात्र एकट्या मशीनवर लावू नका. तो आधीच रिकामी फाइल करून ठेवतो, आणि पुढच्या वेळी ब्लेंडर तिला झालेली फ्रेम समजून सोडून देतं. पुन्हा सुरू करण्याआधी फोल्डर आकारानुसार लावा आणि शून्य केबीच्या, अर्धवट फाइली पुसा.

मे महिन्यातली गोष्ट वेगळी. पारा ४५ च्या घरात गेला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. पहिली फ्रेम ६ मिनिटांत आणि पन्नासावी ११ मिनिटांत निघत असेल तर सीनमध्ये दोष शोधत बसू नका. रेंडर रात्री लावा, लॅपटॉप गादीवरून उचला. कूलरच्या ओल्या झोतासमोर ठेवण्याची अक्कल मात्र कोणी लढवू नये.

‘माझ्याकडे तर चालते, तिकडे काहून नाही?’

समोरच्याने फाइल उघडली आणि सगळं मॉडेल गुलाबी दिसलं, तर टेक्स्चर (मॉडेलवर चढवलेली चित्रं) सापडत नाहीत. तुमच्या फाइलमध्ये तुमच्याच डेस्कटॉपचा पत्ता कोरलेला असतो. ‘एक्स्टर्नल डेटा’मध्ये जाऊन सगळे पाथ (फाइलींचे पत्ते) रिलेटिव्ह, म्हणजे ब्लेंड फाइलच्या जागेपासून मोजलेले, करा आणि टेक्स्चरचं फोल्डर ब्लेंड फाइलच्या शेजारी ठेवा. दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवलं तर विंडोजमध्ये रिलेटिव्ह पाथ चालत नाही.

त्याहून छुपा दोष अक्षरांचा. व्हीएफएक्स स्टुडिओंमध्ये लिनक्स बरंच वापरलं जातं आणि तिथे छोटं-मोठं अक्षर वेगळं मोजलं जातं. विंडोज ते सोडून देतं, म्हणून घरी चूक दिसतच नाही. फाइलींची नावं लहान इंग्रजी अक्षरांत, स्पेसऐवजी अंडरस्कोअर टाकून द्या. मराठी नावांवर काही जुने प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडलेली छोटी टूल) अडखळतात. पायथन स्क्रिप्टमध्ये पत्ता हाताने लिहू नका, पायथनमधलंच पाथलिब हे मॉड्यूल वापरा.

पोत ओला दिसतो, उंचवटे खड्डे होतात

रफनेसचं (पृष्ठभाग किती खडबडीत ते सांगणारं) टेक्स्चर लावलं आणि मातीची भिंत तेल लावल्यासारखी चमकायला लागली? कलर स्पेस, म्हणजे चित्रातले आकडे कसे वाचायचे ते सेटिंग, तपासा. रफनेस हा रंग नाही, आकडा आहे. एसआरजीबी (साध्या रंगीत चित्रांची पद्धत) म्हणून वाचला तर ०.५ चा साधारण ०.२१ होतो आणि पृष्ठभाग गुळगुळीत दिसतो. रफनेस आणि नॉर्मल मॅप (उंचवटे-खड्डे दाखवणारं टेक्स्चर) दोन्ही ‘नॉन-कलर’ ठेवा. उंचवटे आत गेलेले दिसले तर नॉर्मल मॅप डायरेक्टएक्स पद्धतीचा असण्याची शक्यता आहे. ब्लेंडरला ओपनजीएल पद्धतीचा लागतो, त्यामुळे हिरवा चॅनेल उलटा करा.

४के (४०९६ × ४०९६ पिक्सेलचं) टेक्स्चर मेमरीत सुमारे ६४ एमबी घेतं, पीएनजी डिस्कवर कितीही लहान दिसली तरी. ४ जीबीच्या ग्राफिक्स कार्डवर दूरच्या झाडाला ते लावायची गरज नाही.

सॉफ्टवेअर महाग नाही म्हणून लाजणं

ब्लेंडर २००२ पासून मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे. त्यात केलेल्या ‘फ्लो’ या लॅटव्हियन चित्रपटाला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर वापरून केलेलं काम रीलमध्ये (नोकरीसाठी दाखवायच्या नमुना व्हिडिओत) टाकणं हीच लाजेची गोष्ट.

रीलमध्ये नवशिक्यांच्या ट्युटोरियलमधला डोनट ठेवू नका. निवड करणाऱ्याने तो शेकडो वेळा पाहिलाय. कोड येत असेल तर तोच दाखवा. शंभर फाइलींची नावं बदलणारं, तुटलेले पाथ शोधणारं छोटं टूल, त्याच्या वापराचं अर्ध्या मिनिटाचं स्क्रीन रेकॉर्डिंग आणि गिटहबचा (कोड ठेवायची साइट) दुवा. पाइपलाइन टीडी (स्टुडिओची टूल बनवणारा टेक्निकल डायरेक्टर) किंवा एफएक्स टीडी (धूर, पाणी, आग यांचे इफेक्ट करणारा) म्हणून पुणे, मुंबई, हैदराबादला अर्ज करताना चकचकीत गाडीच्या मॉडेलपेक्षा हे वजनदार ठरतं. रील दीड मिनिटाच्या आत, सगळ्यात चांगला शॉट सुरुवातीला, आणि कोणत्या शॉटमध्ये तुम्ही नेमकं काय केलं ते पडद्यावरच लिहिलेलं. ‘आधी फी भरा, मग नोकरी’ म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्या.