पाणपक्ष्यांची गणना: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. तिच्यात सामील व्हायला जीवशास्त्राची पदवी लागत नाही. निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर ही शिकायला उत्तम जागा आहे: गोदावरी-कादवेच्या संगमावरचं उथळ पाणी, गाळाची बेटं, निरीक्षण मनोरे. २०१९ मध्ये रामसर दर्जा (पाणथळ जागा जपण्याच्या जागतिक करारातली मान्यता) मिळालेली महाराष्ट्रातली ही पहिली पाणथळ. रामसरच्या निकषांपैकी दोन थेट मोजणीवर उभे आहेत: नियमितपणे २०,००० पाणपक्षी, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येच्या १ टक्का पक्षी. त्यामुळे वहीतला आकडा प्रामाणिक हवाच.

दुर्बीण ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) घ्या. १०× मध्ये हाताचा कंप फार जाणवतो. ट्रायपॉडवरचा स्पॉटिंग स्कोप (फार लांबचं पाहायची एकनळी दुर्बीण) गटात एक असला तरी चालतो. नोंदी पेन्सिलीने करा, दवाने शाई पसरते.

सकाळी पूर्वेच्या काठावर उभं राहा, म्हणजे सूर्य पाठीशी येतो. समोरून ऊन आलं की बदकांच्या नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात आणि चक्रांग कुठला, भुवई बदक कुठलं हे कळत नाही. धुकं असेल तर ते विरेपर्यंत थांबा. ऊन चढल्यावर मात्र पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि स्कोपमधून लांबचं काही धड दिसत नाही, म्हणून लांबचे थवे आधी उरकावेत.

मोठा थवा एकेक करून मोजता येत नाही. कडेचे दहा वारकरी (पांढऱ्या चोचीचे काळे पाणपक्षी) नीट मोजा, त्यांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत धरा. तशा दहा जागा म्हणजे शंभर. मग शंभराचा तो तुकडा थव्यावर पुढे पुढे सरकवत न्या. इथे बहुतेकांची फसगत होते, कारण थवा कडेला विरळ आणि मध्ये दाट असतो. कडेचं माप सगळीकडे लावलं की आकडा घसरतो. मधला एक तुकडा स्वतंत्र मोजून माप दुरुस्त करा. नवखे लोक फुगवून सांगत असतील असं वाटतं, पण मोठ्या थव्यात ते सहसा कमीच मोजतात.

मिश्र थव्यावरून एका फेरीत एकच जात मोजा: आधी तलवार बदक, मग थापट्या बदक. टिबुकली सारखी बुडी मारते, तिच्यासाठी थोडं थांबून पुन्हा पाहा. भोवत्या हा शिकारी पक्षी आला आणि सगळं उठलं, तर मोजणी तिथेच सोडा. थवा परत बसल्यावर पहिल्यापासून सुरू करा.

दोन गट असतील तर झाड किंवा मनोरा धरून हद्द ठरवा. हद्द ओलांडून गेलेल्या थव्याची वेळ, संख्या आणि दिशा लिहा, नाहीतर तोच थवा दोनदा मोजला जातो.

पाण्याची पातळी, जलपर्णी, मासेमारीची जाळी, पाणी उपसणारे पंप हेही नोंदवा. पाणी फार भरलं की उथळ कडा बुडतात आणि बदकं दुसरीकडे पांगतात. पातळीची नोंद नसेल तर त्या वर्षीची घट पक्ष्यांची की पाण्याची, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. तेच थांबे आणि तीच वेळ दर वर्षी पाळा.

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर प्रत्येक थांब्याची वेगळी यादी करा आणि संख्येच्या जागी नुसतं ‘एक्स’ (म्हणजे ‘दिसला, मोजला नाही’) न टाकता अंदाजाचा का होईना, आकडा द्या. एकाच जागी बरेच पक्षी मेलेले दिसले तर हात लावू नका. फोटो आणि जागा टिपून वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा.